बिनविरोध

गावकीची बैठक देवळात होते. पुरुष सभामंडपात बसतात, बायका बाहेर पायऱ्यांवर, चपला काढतात त्याच्या जरा वर. लहानपणी मी महाडला आत्याकडे राहून शाळा शिकायचे आणि सुट्टीला गावी आले की आईला टेकून त्या पायऱ्यांवर बसायचे. आत काय चाललंय ते अर्धंमुर्धंच ऐकू यायचं, पण शेवट नेहमी स्पष्ट ऐकू यायचा. पंचांमधला सगळ्यात वयस्कर माणूस उभा राहायचा आणि विचारायचा, "कुणाची हरकत हाय?" कुणी बोलायचं नाही. तो पुन्हा विचारायचा. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज जवळजवळ मायेचा झालेला असायचा. मग नारळ फुटायचा. पालखी कुठल्या वाटेने न्यायची, देवळाला रंग कुठला लावायचा, कुणाच्या घराशी किती महिने बोलायचं नाही, हे सगळं असंच ठरलेलं मी ऐकलं आहे. पायऱ्यांवरच्या बायकांना कुणी काही विचारायचं नाही, पण त्यांची शांतताही त्या शांततेत धरलेली असायची.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मी बुजरी होते. शाळेत बाईंनी प्रश्न विचारून वर्गावरून नजर फिरवली की मी वहीत डोकं खुपसायचे. गावकीत मात्र काहीच न बोलता मोठ्यांच्या कामात भाग घेता यायचा.

गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. ग्रामपंचायतीला कचेरी आहे, फळा आहे, ग्रामसेवक आहे. गावकीला यातलं काही नाही. तरी ग्रामपंचायतीत जे कागदावर येतं ते आधी देवळात ठरलेलं असतं. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला चढत जाणाऱ्या रस्त्यावर. खाली मोठी वाडी, देऊळ, दुकान. वर आमची नऊ घरांची वाडी. नळयोजनेचा पाइप मोठ्या वाडीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चढ फार आहे, असं कारण सांगितलं गेलं. त्याच चढावरून आई आणि वाडीतल्या बाकी बायका एप्रिल-मे महिन्यात झऱ्यावरून हंडे आणतात.

मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करत होते तेव्हाची ही गोष्ट. प्रबंध लिहायला म्हणून महिनाभर घरी आले होते. विषय होता सत्ता, जबरदस्ती आणि संमती. सत्ता नुसत्या काठीवर चालत नाही, ज्यांच्यावर ती चालते त्यांचं हो म्हणणंही तिला लागतं. मग ते हो कुणाचं असतं? वर्गात यावर फार छान चर्चा व्हायच्या. मी बोलायचे नाही, वहीत उतरवून घ्यायचे. सगळं इंग्रजीत होतं आणि त्या भाषेत ते स्वच्छ, लांबचं वाटायचं.

मी घरी पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरला. आमच्या प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव होती. गावकीने ती आधीच ठरवली होती. वयस्कर पंचांची सून उभी राहणार होती. ती वर्षातले आठ महिने मुंबईत असते. निवडणूक बिनविरोध करायची, गावाचं नाव होतं, वरून निधी येतो, असं बैठकीत सांगितलं गेलं. तीनदा विचारलंही गेलं. त्या दिवशी आई पायऱ्यांवर नव्हती, झऱ्यावर होती. तिने नंतर कुणाशी भांडण काढलं नाही. सरळ एसटीने पोलादपूरला गेली आणि अर्ज देऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "पाइप वर आनायचा तर कुनी तरी तितं बसाय नको?"

तिला हे एवढं सोपं वाटत होतं. मलाही वाटलं. मला अभिमानसुद्धा वाटला, एक दिवसभर.

नंतर भीती आली, आणि ती अशा वाटेने आली की तिला भीती म्हणायला मला वेळ लागला. दुकानदाराने आईला साखर दिली पण नेहमीसारखं "अजून काय?" विचारलं नाही. झऱ्यावर आई पोचली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि फक्त हंड्यांचा आवाज राहायचा. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही.

छाननी झाली, आईचा अर्ज वैध ठरला, आणि त्याच संध्याकाळी चारजण घरी आले. पुढे वयस्कर पंच, बाबांचे लांबचे चुलते. आई त्यांना मामंजी म्हणायची आणि ते आले की पदर डोक्यावर घ्यायची. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता. पनवेलला गाडी चालवतो, निवडणुकीसाठी बोलेरो घेऊन गावी आलेला. आणखी दोघे जण होते, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. नुसते बसले.

आईने चहा टाकला.

"साखर कमी घाल गो सूनबाई," पंच म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय."

"काकी, माझ्यात जास्त घाल, त्यांची पन," पुतण्या म्हणाला आणि हसला. सगळे हसले. मी दाराआड उभी होते, मलाही हसू आलं.

चहा पिताना ते आजोबांबद्दल बोलले. माझे आजोबा अर्धांगवायूने दोन वर्षं आतल्या खाटेवर होते. पंच उठून आत गेले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, "काय दादा, वळखलंस का?" असं विचारलं. आजोबांनी डोळे मिचकावले. बाहेर येऊन पंच म्हणाले, "लय झिजलाय म्हातारा. पाऊसकाळ काढंल का नाय, काय सांगावं." मग चहाचा घोट घेतला. "लाकडं सुकी हायत ना तुमच्याकडं?"

आमच्या गावात कुणी वारलं की घरटी एक माणूस आणि एक मोळी लाकूड येतं. कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या घरची लाकडं कुणी आपल्या मयताला वापरत नाही, गावाची येतात. पंचांनी एवढंच विचारलं, की आमच्याकडे लाकडं आहेत ना.

आईचा हात बशीवर थांबला. "हायत," ती म्हणाली.

"बरं हाय. असावीत." मग ते माझ्याकडे वळले. "ही पुन्याला असते ना? शिकलेली पोर. अक्षर चांगलं असंल. सूनबाई, माघारीचा कागद हिच्याकडूनच लिवून घ्या. बाहेरच्याचं काय काम? उद्या कुनी बोलाय नको, गावानं जबरदस्ती केली."

"अरे जबरदस्ती कसली!" पुतण्या म्हणाला. "काकी आपल्याच हायत. टेन्शनच नाय. परवा मी गाडी आनतो, आरामात जाऊ, आरामात येऊ. एसटीत कशाला धक्के खायचे?"

त्याने माझा नंबर मागितला आणि तिथल्या तिथे कागदाचा नमुना मला पाठवला. मला गावाच्या ग्रुपमध्येही घातलं. त्यात मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळही होतं. मी "हो" म्हटलं. फोन हातात धरून, अगदी नम्रपणे. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आईला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना चहा, साखर, नंबर, सगळं दिलं होतं.

मी आईला म्हटलं, "आई, सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. आपण तक्रार करू शकतो."

"कशाची?"

"धमकीची."

"काय सांगशील पोलिसाला? चार मानसं आली, चा पिऊन गेली, म्हाताऱ्याची तब्येत इचारली?" ती कप उचलत होती. "लिव तक्रार. मी सही करते."

मी तिच्या हातातले कप घेतले आणि विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात कामाला आहेत, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतात. त्यांना वाटेतच तिघांनी सांगितलं होतं. ते आल्याबरोबर आजोबांजवळ जाऊन बसले, बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"मी काय सांगनार नाय," ते आईला म्हणाले. "तुझं तू बघ."

"बघ म्हंजे माघारी घे, असंच ना?"

"मी तसं बोललो का?"

"बोलायला कशाला पायजे."

"अगो, मी तिकडं ड्युटीवर. इकडं तू, ही पोर आनि म्हातारा. उद्या रात्रीअपरात्री काय झालं तर हाक कुनाला मारनार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय."

आई काही बोलली नाही. बाबा थोडा वेळ थांबले आणि "मंग ठीक हाय," म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मला मनातून किती सुटल्यासारखं वाटलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, झालं. आता दुकानदार पुन्हा बोलेल.

कागद मी त्या दुपारी लिहिला. फोनवरचा नमुना समोर ठेवून, रेघा नसलेल्या कागदाखाली रेघांचा कागद घालून, जसं शाळेत शिकवलं होतं. मराठी लिहायचा मला सराव राहिला नव्हता म्हणून प्रत्येक अक्षर हळूहळू काढलं. "मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला, धमकीला अथवा आमिषाला बळी न पडता माझी उमेदवारी मागे घेत आहे." एकदा शाई पसरली म्हणून तो कागद टाकून दुसरा लिहिला. दुसऱ्यांदा लिहिताना माझ्या मनात आलं, ज्याच्यावर दबाव नाही त्याला हे वाक्य लिहायला कोण सांगेल? वहीत अशी वाक्यं मी खूप लिहिली होती. इथे मी पुढची ओळ लिहिली, आणि अक्षर चांगलं आलं. आईने ते पाहिलं. "मस्त लिवलंस," ती म्हणाली. मला वाईट वाटावं म्हणून म्हणाली नाही, खरंच कौतुकाने म्हणाली.

माघारीचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत वेळ होती. बाबांनी आजोबांसाठी रजा वाढवून घेतली होती. बोलेरो अकरालाच दारात आली. पंच पुढे बसले, पुतण्या चालवायला, मधल्या सीटवर आई आणि मी. मागे ते दोघे न बोलणारे. मला त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. प्रत्येक वळणाला मागून कुणाचा तरी गुडघा माझ्या सीटला लागायचा आणि मी पुढे सरकायचे.

थोडं उतरल्यावर पुतण्याने आरशातून पाहिलं. "मंग काकी, फिक्स ना?"

आई खिडकीबाहेर बघत होती.

"फिक्स हाय तिचं," पंच म्हणाले. "इचारतोस काय?" पण थोड्या वेळाने ते स्वतःच मागे न वळता म्हणाले, "सूनबाई, मनात काय नाय ना?"

आई गप्प. मी तिचा हात धरला.

महामार्गाच्या पुलाखालून गाडी पोलादपुरात शिरली तेव्हा पंचांनी पुन्हा विचारलं. "हरकत नाय ना गो तुझी?" आवाज मायेचा होता. आईने पदर सारखा केला. पंचांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना मळला, आणि "झालं तर मंग," असं म्हणून बार भरला. गाडीतलं वातावरण एकदम सैल झालं. मागचे दोघे पहिल्यांदाच आपसांत बोलायला लागले, क्रिकेटबद्दल.

तहसील कचेरीत गर्दी होती. ज्या खोलीत निवडणूक निर्णय अधिकारी बसले होते तिथे दारावर शिपाई होता. "फक्त उमेदवार. सोबत एकजण." पुतण्याने हुज्जत घालून पाहिली, शिपाई हलला नाही. पंच म्हणाले, "जाऊ दे रे. पोर हाय तिच्याबरोबर. कागद लिवलेलाच हाय." ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

आत अधिकारी चष्मा कपाळावर चढवून कागद बघत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "मागे घ्यायचंय? हा छापील फॉर्म भरा. तुमचा कागद जोडायचा तर जोडा."

मी फॉर्म भरला. गाव, प्रभाग, जागेचा प्रकार, नाव. खाली सहीची रेघ उरली. पेन आईच्या हातात दिलं आणि आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसलो. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आईने पेन धरलं. टोपण काढून मागे लावलं. फॉर्म मांडीवर ठेवला. आणि तशीच बसली.

मला वाटलं, वाचतेय. मग वाटलं, चष्मा नाही म्हणून अडलीय. आमच्या आधी एक बाई रडत सही करून गेली, तिच्यानंतर एक माणूस हसत. अडीच झाले. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. मग पुन्हा, मग सारखा. मी उघडून पाहिलं. पुतण्याने ग्रुपवर टाकलं होतं: "आपला गाव बिनविरोध!!" खाली फुलं, फटाके, जोडलेले हात. मुंबईच्या मंडळाकडून अभिनंदन. कुणी तरी लिहिलं होतं, हार कुठून घ्यायचे.

मी फोन पर्समध्ये परत टाकला. मी आईच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आई, सही कर."

हे मीच म्हणाले. पंच बाहेर होते, पुतण्या बाहेर होता, बाबा घरी होते. खोलीत तिच्यावर दबाव टाकणारी मी एकटीच होते. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हणाले, "आई, प्लीज. त्यांना कळलं तर?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पेनच्या टोकाकडे बघत होती.

खिडकीच्या गजांशी पुतण्या आला. "झालं ना काकी?" आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. त्याने अंगठा दाखवला आणि गेला. त्याचा फोन कानालाच होता.

तीनला दहा कमी असताना अधिकाऱ्यांनी आमच्याकडे बोट केलं. "बाई, तुमचं काय? द्यायचाय ना?"

आई गप्प.

"बाई, मला तोंडाने सांगावं लागेल, नाहीतर सही करून द्यावी लागेल. गप्प बसून माझ्याकडे काही होत नाही."

ते चिडून नाही, थकून बोलले. सकाळपासून त्यांनी हे वाक्य दहाजणांना म्हटलं असेल. आमच्या गावात गप्प बसूनच सगळं होत आलं होतं. या खोलीत त्याचा उलटा अर्थ होता, आणि बाहेर बाकावर बसलेल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं. ते तंबाखू मळत होते कारण त्यांच्या हिशेबी आई तीनदा हो म्हणाली होती.

तीन वाजले. अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग मनगटाकडे पाहिलं. यादीवर रेघ ओढली. "वेळ संपली. तुमची उमेदवारी कायम. जाऊ नका, चिन्हं द्यायचीत."

शिपायाने दार उघडलं आणि पंच आपल्या मुंबईच्या सुनेचे प्रतिनिधी म्हणून आत आले. त्यांनी अधिकाऱ्यांना हात जोडले. "साहेब, ते बिनविरोधचं पत्र आजच मिळंल का?"

"बिनविरोध कसं? दोन उमेदवार आहेत."

पंचांना वाटलं साहेबांची काही गफलत होतेय. ते हसले, आमच्याकडे वळले. मग त्यांना आईच्या मांडीवरचा फॉर्म दिसला.

"सूनबाई?"

आईने पदर डोक्यावर ओढला. फॉर्म मात्र तसाच ठेवला.

"तीनदा इचारलं तुला," पंच म्हणाले. "गप होतीस."

"होते," आई म्हणाली.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला रागाची भीती होती. राग नव्हता. कुणी तरी भर बैठकीत फसवावं तसं त्यांना लागलं होतं. त्या क्षणी मला कळलं की आम्ही सगळे राजी आहोत असं ते खरोखर मानत होते. इतकी वर्षं, प्रत्येक बैठकीत. लाकडांबद्दल विचारतानासुद्धा. याची मला धमकीपेक्षा जास्त भीती वाटली, कारण धमकी देणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते निदान ठाऊक असतं.

पुतण्या दारातून ओरडला, "काकी, ये क्या किया? आता मी ग्रुपवर काय टाकू?"

"बाहेर," शिपाई म्हणाला.

चिन्हांचा तक्ता भिंतीवर होता. पंचांनी आवाज न चढवता सुनेसाठी कपबशी मागितली. मग अधिकाऱ्यांनी आईला विचारलं. तिला लांबून दिसत नव्हतं. "तू वाच," ती मला म्हणाली.

भरल्या खोलीत मी कधी मोठ्याने काही वाचलं नव्हतं. पंच माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, त्यांच्या कपड्यांना तंबाखूचा आणि देवळातल्या धुपाचा वास येत होता. मी वाचायला लागले. कपाट. छत्री. शिट्टी. टेबल. पंखा. आवाज चिरका येत होता. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"टेबल घ्या बाई," कारकून मध्येच म्हणाला. "भिंतीवर काढायला सोपं."

"टेबल," आई म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा बोलेरो गेली होती. आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या राहिलो. मी फोन पाहिला. ग्रुपवरच्या फुलांच्या जागी एकामागून एक ओळी येत होत्या: हा मेसेज डिलीट केला आहे. हा मेसेज डिलीट केला आहे. मग मला ग्रुपमधून काढलं गेलं. एसटी आली. तिच्यात आमच्या गावच्या दोन बायका होत्या, बाजारातून येत होत्या. आमच्या शेजारची बाकं रिकामी होती, त्या उभ्या राहिल्या. वळणावर एकीचा तोल गेला, आईने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, वरचा दांडा धरला.

फाट्यावर उतरून वाडीचा चढ चढताना मी आईला म्हटलं, "मला वाटत होतं तू सही करावीस."

"ठाव हाय मला."

"मी दोनदा म्हणाले."

"ऐकलं मी." ती दम घ्यायला थांबली. "मला पन करायची होती."

"मग?"

"मंग काय? पेन हातात होतं. हातच हलंना. घाबरलं की व्हतं का नाय तसं." ती पुन्हा चालायला लागली. "तीन वाजले."

तिने ठाम नकार दिला होता, की भीतीने तिचा हात गोठला होता आणि ती भीती या एका वेळी आमच्या बाजूने पडली होती, हे मला तेव्हा समजलं नाही. आजही सांगता येत नाही. प्रबंधात मी पुढे हो म्हणण्याबद्दल बरंच लिहिलं. या दुपारबद्दल एक ओळही लिहिता आली नाही.

वाडीत उजेड होता, तरी घरांची दारं लोटलेली होती. कुणी तरी आतून पाहत असल्यासारखं वाटत होतं. कदाचित कुणी नसेलही. आमच्या पडवीत बाबा बसले होते. त्यांना फोन येऊन गेले असणार, कारण त्यांनी आम्हाला काहीच विचारलं नाही. आई त्यांच्या शेजारून आत गेली, आजोबांना पाणी पाजलं, बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली. मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मला वाटत होतं आता बाबा ओरडतील, आणि ते ओरडले तर बरं होईल.

ते म्हणाले, "चिन्ह कुठलं मिळालं?"

"टेबल."

त्यांनी मान हलवली. मग ते उठले, अंगणातून खाली रस्त्यावर गेले. ते घरी असले की त्यांची मोटरसायकल तिथे कडेला, आंब्याखाली, वर्षानुवर्षं रात्रंदिवस उभी असायची. त्यांनी ती ढकलत अंगणात आणली. पायऱ्यांशी फळी टाकली आणि मला म्हणाले, "धर गो मागून." आम्ही दोघांनी मिळून ती वर चढवली आणि पडवीत, आजोबांच्या खोलीच्या भिंतीला लावली. बाबांनी हँडल लॉक केलं. मग पडवीचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.